मशीनची खोटी साक्ष

बोरसे सरांची नक्कल करायची असेल तर आधी पँट वर ओढावी लागते. पोटाच्याही वर. मग दोन्ही हात पाठीमागे. आणि समोरच्या कॉम्प्युटरकडे अजिबात बघायचं नाही, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एरर कॉम्प्युटरवर आलेली असते, पण बघायचं माणसांकडे. एकेकाच्या तोंडाकडे, सावकाश, डावीकडून उजवीकडे. आणि मग नाकातून आवाज काढायचा: "कोन बसेल व्हतं आठे?"

कोण बसलं होतं इथं. बस, एवढंच. आमच्या बॅचचा कुठलाही मुलगा हे ऐकून आधी हसतो आणि मग नकळत ताठ बसतो.

सर आमच्या धुळ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचे इनचार्ज होते. दाराला त्यांनी स्वतःच्या हौसेनं पाटी करून लावली होती, 'सिस्टिम प्रशासक'. ती वाचून एकदा एक खेड्यातले आजोबा सातबाऱ्याची पिशवी घेऊन आत येऊन बसले. दुसरा कोणी असता तर त्यांना तहसीलचा रस्ता दाखवला असता. सरांनी प्रॅक्टिकल थांबवलं, आजोबांना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, दोन उलटे प्रश्न विचारले आणि निकाल दिला: "चूक तुमच्या धाकल्या भाऊची शे." आजोबा इतके खूश झाले की पुढच्या आठवड्यात शेंगा घेऊन आले.

निकाल देणं हे सरांच्या रक्तात होतं. वडील शिंदखेड्याकडच्या एका गावात पोलीस पाटील. कोणाची म्हैस कोणाच्या कपाशीत शिरली, कोणी बांध कोरला, हे सगळं ओट्यावर बसून ऐकतच सर मोठे झाले. पुढे शिकले, कॉम्प्युटरमध्ये आले, लिनक्ससारखी अवघड गोष्ट एकट्यानं पुस्तकं वाचून आत्मसात केली. खोटं कशाला बोलू, माणूस हुशार होता. पण लिनक्स शिकले ते त्या ओट्यावर बसूनच. लॅबमध्ये काही बंद पडलं की दुरुस्ती नंतर, आधी पंचनामा. तोंडी, पण रीतसर. दोन पंच नेमायचे. एक पंच कायम शिपाई जगन आबा, कारण ते हाताशी असत. दुसरा मी. कारण मी यावलचा, म्हणजे जळगाव जिल्ह्यातला, म्हणजे बाहेरचा, म्हणजे निःपक्ष.

आणि कायदा एकच. शेवटी जो बसला तो गुन्हेगार. "प्रत्येक एररला नाव असतं," सर म्हणायचे. आम्हाला वाटायचं एररच्या कोडबद्दल बोलतायत. ते रोल नंबरबद्दल बोलत असत.

आता शिकवणं. तिथं मात्र सरांना तोड नव्हती, आणि हे मी कुरकुरत का होईना, कबूल करतो. लिनक्समध्ये च-रूट नावाची एक भानगड असते. रूट म्हणजे मशीनची मुळातली जागा, जिथून सगळे रस्ते सुरू होतात. च-रूट म्हणजे ती मूळ जागाच बदलायची. एखाद्या प्रोग्रॅमला एका फोल्डरमध्ये घालायचं आणि सांगायचं, बाबा, आजपासून हीच तुझी दुनिया. बंद पडलेलं मशीन दुरुस्त करायला ही युक्ती फार कामी येते. पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालू करायचं, बिघडलेली डिस्क जोडायची आणि च-रूट मारून तिच्या आत शिरायचं. पुस्तकात ह्यावर मोठा धडा होता, तो आम्हाला कोणालाच समजला नव्हता. सरांनी पुस्तक मिटलं. लॅबच्या कोपऱ्यात सर्व्हरची काचेची केबिन होती. आमच्यातल्या नितीनला त्यांनी उठवलं आणि त्या केबिनमध्ये उभं केलं.

"नितीन, आता हीच तुझी दुनिया. बाहेर काही नाही. समजनं?"

"हो सर."

"तहान लागली?"

"नाही सर."

"लागली. मी सांगतो ना."

"लागली सर."

"मग पी पाणी."

नितीननं सर्व्हरच्या मागे बघितलं, खाली बघितलं. "पाणी नाही सर इथं."

"मग कुठं शे?"

"बाहेर. माझ्या बॅगेत."

"बाहेर काही नाही! आत्ता काय सांगितलं तुला?"

मग सर आमच्याकडे वळले. "पाहिलं? बठ्ठा, सगळेच्या सगळे, हीच चूक करतात. प्रोग्रॅमला आत नेतात आणि त्याला लागणारं सामान बाहेर ठेवतात. मग तो आत जातो आणि मरतो. खोली बदलायच्या आधी सामान आत न्यायचं. लिब म्हणजे लायब्ररी, ती न्यायची. प्रॉक, डेव्ह, हे जोडायचं. आणि मरताना तो काय बोलतो, ते ऐका. तो म्हणतो, फाइल नाही. तुम्ही बघता तर फाइल समोर! मग तुम्ही म्हणता मशीन येडं झालं. येडं नाही झालं रे. त्याला म्हणायचंय, मी आहे, पण माझं पाणी नाही. एरर कानानं ऐकू नका. तिच्या पोटात काय शे ते बघा."

ह्यापेक्षा चांगलं कोणी शिकवू शकत असेल तर मला तो माणूस दाखवा. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर खूश होऊन चहाला गेले. केबिनची किल्ली त्यांच्या खिशात. एसी जोरात. चहा झाला, चहावर गप्पा झाल्या, प्राचार्यांना भेटून झालं. सर परत आले तेव्हा नितीन काचेला चिकटून थंडीनं कुडकुडत होता. सरांनी कुलूप उघडलं आणि आमच्याकडे बघितलं.

"दार कोनी लायं?"

तर असं. शिकवताना एररचं पोट, आणि खरी एरर आली की आमची तोंडं.

एकदा मे महिन्यात सर असेच एका जुन्या डिस्कच्या आत शिरले होते. बाहेरच्या मशीनला नेट होतं, आत नव्हतं. कारण साधं असतं, नेटवरचे पत्ते शोधायची एक छोटीशी फाइल आत न्यायची राहते. सरांनी ते वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं. पण आता एरर खरी होती, म्हणून त्यांनी फोन लावला नईम भाऊंना. नईम भाऊ कॉलेजचं नेट बघायचे. देवपुरातून डोक्याला पंचा बांधून भर दुपारी मोटरसायकलवर आले, लॅबच्या कॉम्प्युटरवर कव्वाली लावली, ती झकास वाजली.

"चालू आहे की सर."

"बाहेर चालू शे. आत बंद शे."

"आत म्हणजे? ह्या खोलीत?"

"ह्या खोलीच्या आतल्या खोलीत."

नईम भाऊंनी लॅबच्या चारही भिंतींवरून नजर फिरवली. "आतली खोली कुठंय सर?"

"दिसत नाही ती."

"मग मी वायर कुठून टाकू?"

सरांनी लगेच पंचनामा सुरू केला. कव्वाली थांबवून नईम भाऊंचा जबाब झाला. नईम भाऊ घाम पुसत गेले. दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःच ती फाइल आत नेली, नेट सुरू झालं, आणि सरांनी फोन केला. आम्ही ऐकत होतो. "नईम भाऊ, काल तुम्ही येऊन गेलात ना, त्याच्यानं फरक पडला."

सरांचा एक पेनड्राइव्ह होता, रुमालात बांधलेला, त्यांच्या तरुणपणातला. त्यात बत्तीस बिटचं जुनं लिनक्स. नवीन मशीनं आली चौसष्ट बिटची. जुन्या लिनक्सला नव्या मशीनचे प्रोग्रॅम चालवताच येत नाहीत. सरांनी च-रूट मारला की एरर: एक्झेक फॉरमॅट एरर. म्हणजे हे माझ्या भाषेतलं नाही. सरांनी विचारलं, डिस्क कुठून घेतली? जळगावहून, सर, असं कोणीतरी म्हणालं. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू ती डिस्क मी यावलच्या केळीच्या घडासोबत डोक्यावर आणली. "तरीच," म्हणाले. "तुमच्या जळगावच्या मालाले धुळ्याचं पाणी सोसत नाही." तेव्हापासून लॅबमधली प्रत्येक जळगाव-खरेदी वस्तू बिघडली की जबाब माझा. शेवटी रुबिना मॅडमनी चौसष्ट बिटचा नवा पेनड्राइव्ह तयार करून दिला. सरांनी तो घेतला आणि त्यावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवली.

रुबिना मॅडम सरांचीच विद्यार्थिनी. धुळ्यातच वाढलेली, वडील यंत्रमागावर. एम.सी.ए. करून आमच्याच लॅबमध्ये तासिका तत्त्वावर लागलेली. तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढेच तुम्ही प्राध्यापक, बाकी वेळ तुम्ही बेरोजगार. वडिलांचा खोकला वाढला होता आणि माग बंद पडत चालले होते. घर मॅडमच्या तासांवर चालायचं. आणि पुढच्या टर्मला तास मिळणार की नाही, हे प्राचार्य ठरवत, बोरसे सरांना विचारून. सर तिला एरवी रुबिना म्हणत. चिडले की मॅडम.

आता खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पुजतात. ट्रकवाला ट्रक पुजतो, गवंडी थापी, शिंपी मशीन. आम्ही कॉम्प्युटर पुजायचो. मॉनिटरला झेंडूच्या माळा, एंटरच्या बटणाला कुंकू, सर्व्हरसमोर नारळ. ह्या बाबतीत सरांचं एक शास्त्र होतं. हत्यार पुजायच्या आधी आतून-बाहेरून साफ पाहिजे. बाहेरून जगन आबा ओल्या फडक्यानं पुसत. आतून सर. दारू न पिणारा, तंबाखू न खाणारा हा माणूस वर्षातून एकदा सर्व्हरसमोर बसून असा काही तल्लीन होऊन जुन्या फाइली उडवायचा की आम्ही झेंडूच्या माळा धरून नुसते बघत राहायचो.

त्या वर्षी आदल्या दिवशी मॅडमनी सर्व्हरवर अपडेट टाकलं होतं. सरांनीच सांगितलं होतं टाकायला. टाकून, मशीन बंद-चालू करून, सगळं नीट बघून मॅडम घरी गेल्या. नवमीला सर साफ करायला बसले. बऱ्याच वेळानं उठले. "अहाहा," म्हणाले, "एकदम चकाचक." सर्व्हरचं बटण दाबून धरलं, बंद केला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दसऱ्याची सुट्टी झाली. आपट्याची पानं वाटत आम्ही परत आलो आणि सर्व्हर चालू केला.

नाही झाला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा ढीग, आणि खाली मशीननं मान टाकल्याची ओळ. शेवटच्या वर्षाचे सगळे प्रोजेक्ट त्याच्यावर. बाहेरचे परीक्षक येणार होते. बातमी प्राचार्यांपर्यंत गेली आणि प्राचार्य स्वतः जिना उतरून लॅबमध्ये आले.

सरांनी रीतसर सुरुवात केली. मॅडमचा पेनड्राइव्ह लावला, म्हणजे सरांच्या नावाच्या चिठ्ठीचा. डिस्क जोडली. च-रूट मारला. प्रोजेक्टरवर एरर आली, सगळ्या भिंतीएवढी: बिन-बॅश, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. बॅश म्हणजे ज्याला आपण हुकूम देतो तो प्रोग्रॅम. मशीन म्हणत होतं, असा कोणी इथं नाहीच.

"नाही?" सर म्हणाले. त्यांनी बाहेरून त्या फोल्डरची यादी काढली. "ही पाहा. बॅश. पंच, दिसते का फाइल?"

"शे ना, तठेच शे," जगन आबा म्हणाले. मीही मान हलवली.

"फाइल समोर, आणि हा म्हणतो नाही. म्हणजे खोटी साक्ष." सरांची पाठ प्रोजेक्टरकडे वळली. पँट वर गेली. "आणि मशीन आपल्या मनानं खोटं बोलत नाही. त्याला कोणीतरी बिघडवलेलं शे. अपडेट कोणी टाकलं?"

"मी टाकलं, सर," रुबिना मॅडम म्हणाल्या. "पण नंतर मशीन चालू करून बघितलं होतं. सगळं चालत होतं."

प्राचार्यांनी विचारलं, "तुम्हाला अपडेट टाकायला कोणी सांगितलं होतं?"

"बोरसे सरांनी."

"मी सांगितलं," सर म्हणाले, "पण टाकलं कोणी, मॅडम?"

प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. "परीक्षा तोंडावर आणि तुम्ही प्रयोग करताय. पुढच्या टर्मचं बघावं लागेल मग." साध्या आवाजात म्हणाले, पंखा बंद करा म्हणावं तसं. हातातला खडू मॅडमनी टेबलावर ठेवला.

तेवढ्यात जगन आबा बोलले. आबांचा ह्यात काही हेतू नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. ते फक्त सरांचा कायदा पाळत होते. "पन सर, शेवटला तं तुम्हीनच बसेल व्हतात. नवमीले. फडकं मीच दिधं ना तुम्हले."

सगळी तोंडं सरांकडे वळली.

"आबा, ती साफसफाई," सर म्हणाले. "त्याला बसणं म्हणत नाहीत."

"काय साफ केलं होतं?" प्राचार्यांनी विचारलं. त्यांना लवकर जायचं होतं म्हणून विचारलं.

आणि सर फुलले. "आतून साफ केलं सर! कोणी करतं का? वर्षांचा कचरा. एकाच कामाच्या दोन दोन लिब! एक नुसती लिब आणि एक लिब-चौसष्ट. आमच्या काळात एकच असायची. आणि त्या चौसष्टमध्ये बघतो तर काही नाही, नुसता एक बाण. दुसरीकडे बोट दाखवणारा. म्हटलं ह्या बाणाचं काय काम? काढून टाकला. तुम्हाला सांगतो सर, त्याच्यानंतर मशीनला काहीही विचारलं तरी म्हणे, नो सच फाइल. काही विचारा, नो सच फाइल. म्हणजे एवढं स्वच्छ..."

वाक्य तिथंच राहिलं. सरांचं तोंड उघडं.

"सर," रुबिना मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "आत पाणी आहे का, तेवढं बघता?"

सर सावकाश वळले आणि माझ्या बघण्यात पहिल्यांदाच, एरर समोर असताना, पडद्याकडे बघितलं. मशीन खोटं बोलत नव्हतं. बॅश होता. पण बॅशला आणि बाकी प्रत्येक प्रोग्रॅमला जिवंत व्हायला जे सामान लागतं, त्याचा रस्ता तो बाण दाखवत होता. बाण गेला, रस्ता गेला. सगळे जागच्या जागी तहानेनं मेले. आणि नवमीला प्रत्येक जण मरताना 'नाही, नाही' म्हणत होता, तेव्हा सरांना ते स्वच्छतेचं सर्टिफिकेट वाटलं होतं.

सरांनी एक ओळ टाइप केली. बाण परत लावला. च-रूट मारला, सरळ आत गेले. मशीन बंद करून चालू केलं. सर्व्हर उठला, प्रोजेक्ट जसेच्या तसे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नितीननं शिट्टी मारली.

"चला," प्राचार्य उठत म्हणाले. "मग कोणाचं होतं हे?"

"तांत्रिक कारण होतं सर."

"तांत्रिक म्हणजे कोण?"

प्राचार्यांची काही चूक नाही. प्रत्येक एररला नाव असतं, हे त्यांना इतकी वर्षं बोरसे सरांनीच ऐकवलं होतं. बाण, लिब, पाणी, ह्यातलं त्यांना काही समजलेलं नव्हतं. त्यांना नाव पाहिजे होतं. आम्ही सगळे सरांकडे बघत होतो. एकाच अक्षराचं काम होतं, मी. सरांनी पंख्याकडे बघितलं, प्रोजेक्टरकडे बघितलं, एंटरवरच्या वाळलेल्या कुंकवाकडे बघितलं.

"ते अपडेटच्या... आसपासचंच काहीतरी असेल सर."

अपडेट हा शब्द प्राचार्यांना समजला. ते गेले.

लिनक्स ज्यांना येतं ते म्हणतील, पोरांनो तुम्ही का नाही बोललात? विद्यार्थ्यांचं कोण ऐकतं, आणि त्यातून यावलच्या निःपक्ष पंचाचं. जिन्यावर जगन आबांनी मॅडमना गाठलं. "मॅडम, तुम्हीन बोल्यात का नहीत? बठ्ठास्ले समजनं व्हतं."

"सर बोलतील म्हणून थांबले, आबा," मॅडम म्हणाल्या. आणि चप्पल घालून खाली गेल्या.

पुढच्या टर्मच्या टाइमटेबलवर मॅडमच्या तासांना प्राचार्यांच्या भाचेसुनेचं नाव होतं. तिला च-रूट येत नव्हता, त्यामुळे तिच्याकडून कधी काही बिघडलंही नाही.

सरांचं काय? काही दिवस लॅबमध्ये पंचनामे बंद होते. प्रिंटर अडकला तर सर स्वतः कागद ओढून काढत. आम्ही आपसात म्हणायचो, आता नाव घेतील, उद्या घेतील. प्राचार्यांच्या केबिनबाहेर एकदोनदा उभे दिसले, पण मग शिपायाला वेळ विचारून परत आले. मग एक दिवस कीबोर्डवर चहा सांडला आणि नाकातून तोच आवाज आला. त्या दिवशी आमच्यात कोणी हसलं नाही. पुढे सर निवृत्त झाले, त्या निरोपसमारंभात त्यांनी भाषण केलं. माझ्या काळात एकही एरर सुटली नाही, म्हणाले. शाल, श्रीफळ, टाळ्या. मी नक्कल केली स्टेजवर, सगळ्यांत मोठ्यानं सर हसले.

मी आता जळगावात एका कंपनीत आहे, दुसऱ्यांचे सर्व्हर उठवतो. मागच्या महिन्यात कामानं धुळ्याला गेलो तेव्हा रुबिना मॅडमकडे गेलो. मधली वर्षं त्यांनी घरी शिकवण्या घेऊन काढली, वडील त्यातच गेले. मग भावाच्या गाद्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर क्लास काढला. जिना अरुंद, कापसाचा वास, वर जुन्या मशीनांच्या रांगा आणि खच्चून भरलेला वर्ग. मॅडम फळ्यावर लिनक्स शिकवत होत्या. आणि शेवटच्या रांगेत, कॉलेजच्या पोरांच्या मधे, पोटाच्या वर पँट ओढून बसलेले बोरसे सर.

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"पुतण्याचं नाव घातलं होतं त्यांनी. तो दुसऱ्याच आठवड्यात पळाला. मग म्हणाले, फी भरलेली शे, वाया कशाला घालू, मीच बसतो."

"तुम्ही काही बोललात?"

"काय बोलू? ते वेळेवर येतात. पहिल्या ओळीपासून लिहून घेतात. प्रश्न विचारत नाहीत."

"आणि ते? काही बोलले?"

मॅडमनी मान हलवली. नाही.

मुलांना त्या दिवशी तीच कसरत दिलेली होती, खोली बदलायची. ज्याचा त्याचा च-रूट. पोरं टकटक करत होती. शेवटच्या रांगेत सरांचं टाइप करणं थांबलं. पडद्यावर एरर होती: ऑपरेशन नॉट परमिटेड. मॅडम रांगेतून चालत गेल्या आणि त्यांच्या मागे उभ्या राहिल्या.

"काय झालं सर?"

सरांनी कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. शेजारच्या मुलानं मान वळवली. मग सर बोलले, जरा जास्तच मोठ्यानं. वर्गात बोलायची सवय जात नाही माणसाची.

"मॅडम, ते मी काढलं होतं."

मॅडम वाकून पडद्याकडे बघत होत्या. "इथं काहीच काढलेलं नाही सर. फक्त सुडो लावायचा राहिलाय. मालक म्हणून हुकूम दिला नाही, म्हणून मशीन नको म्हणतंय."

"इथलं नाही म्हणत मी."

टकटक थांबली. खाली दुकानात कोणीतरी गादी आपटत होतं. मॅडम सरळ उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माझ्या जागेवरून दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

"सुडो लावा, सर," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या मुलाच्या मशीनकडे गेल्या.

सर वाकले आणि एकेक अक्षर शोधत टाइप करायला लागले.